घाटात गाडी लागते त्यांच्यासाठी: आदल्या रात्रीपासून मुक्कामापर्यंत

वाई सोडली की पसरणी घाटाची वळणं सुरू होतात. पाचगणी जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण तेवढ्यात भरल्या एसटीतल्या दोन-तीन खिडक्यांतून डोकी बाहेर आलेली असतात. त्यातल्या बहुतेकांच्या पर्समध्ये किंवा खिशात गोळी असते. ती वाईच्या स्टँडवर, मळमळायला लागल्यावर घेतलेली असते आणि म्हणूनच फुकट जाते. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं. गोळी पुढे आतड्यात सरकत नाही, रक्तात पोचत नाही आणि पुढच्या उलटीबरोबर बाहेर येते. गाडी लागण्यावरचे उपाय कमी नाहीत, पण जवळजवळ सगळे त्रास सुरू व्हायच्या आधी करायचे आहेत. म्हणून इथे सुरुवात आदल्या रात्रीपासून केली आहे. उदाहरणाला पुणे–वाई–पाचगणी–महाबळेश्वर हा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता घेतला आहे. कुंभार्ली, आंबा, आंबोली, ताम्हिणी, वरंधा कुठेही जायचं असलं तरी हेच वेळापत्रक थोडं पुढेमागे करून चालतं.

मुळात होतं काय

उलटी पोटातून होत असली तरी भानगड कानात असते. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या असतात. शरीर वळतंय, वेग घेतंय की कलतंय हे त्या मेंदूला कळवतात. गाडीत बसून तुम्ही मोबाइल पाहत असता तेव्हा डोळे सांगतात, ‘सगळं जागच्या जागी आहे’, आणि कान सांगतात, ‘आपण डावीकडे जोरात वळतोय’. हा मेळ बसला नाही की मळमळ, घाम, उलटी ही साखळी सुरू होते. पोट रिकामं ठेवलं किंवा पोटाची गोळी घेतली तरी त्रास थांबत नाही, तो याच कारणाने.

खड्ड्यांनी कंबर मोडते, पण उलटी होते ती संथ, लांब हेलकाव्यांनी. साधारण पाच सेकंदांना एक असा हेलकावा सर्वांत वाईट. घाटातली एकामागोमाग येणारी वळणं आणि समुद्रातली होडी, दोन्हींत नेमका हाच ताल असतो. मऊ सस्पेन्शनच्या आरामगाडीत काहींना साध्या एसटीपेक्षा जास्त त्रास होतो आणि घरचे त्यांना वेड्यात काढतात. वेड्यात काढायचं कारण नाही.

दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही. सहा ते बारा या वयात त्रास सर्वांत जास्त, मग हळूहळू कमी होत जातो. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात आणखी जास्त. अर्धशिशी असणाऱ्यांना तर बरेचदा. आईला लागत असेल तर मुलांनाही लागण्याची शक्यता मोठी. तेव्हा ‘नाटकं करतोय’ हे वाक्य घरीच ठेवून निघावं.

पायरी पहिली: जागा, तिकीट काढतानाच

औषधाच्या आधी जागेचा विचार करा. चुकीच्या जागेवर बसून घेतलेली गोळी निम्मीच कामाला येते.

एसटी असो वा खासगी बस, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग सर्वांत स्थिर. मागच्या चाकाच्या मागे ज्या रांगा असतात, त्यांचा भाग चाकाबाहेर लोंबकळत असतो. प्रत्येक वळणावर तो झोक्यासारखा फेकला जातो आणि वर-खालीही सर्वांत जास्त होतो. शेवटचा बाक मोकळा दिसला तरी गाडी लागणाऱ्याने तिकडे बघू नये. अगदी पहिल्या रांगेतही जुन्या गाड्यांमध्ये इंजिनची धग आणि डिझेलचा वास येतो. म्हणून दुसरी ते पाचवी रांग धरा.

खिडकी घ्यावी की मधल्या वाटेकडची जागा, यावर लोक वाद घालतात. खिडकीतून वारा लागतो हे खरं, पण पसरणीसारख्या घाटात एका बाजूला खिडकीपासून हातभर अंतरावर डोंगराची कड पळत असते. तिच्याकडे टक लावून पाहिलं तर दहा मिनिटांत पोट ढवळतं. वाटेकडच्या जागेवरून मात्र ड्रायव्हरच्या काचेतून पुढचं वळण दिसतं. पुढून तीन रांगांच्या आत जागा मिळत असेल तर वाटेकडची घ्या आणि खिडकीशी बसलेल्याला काच उघडी ठेवायची विनंती करा. जागा त्याहून मागे असेल तर खिडकीच बरी, कारण तिथून पुढची काच तशीही दिसत नाही. मग नजर जवळच्या झाडांवर न ठेवता लांबच्या डोंगरावर ठेवायची.

- मोटारीत पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा. मागे बसावं लागलं तर मधली, जिथून दोन सीटांच्या फटीतून रस्ता दिसतो. पट्टा मात्र हवाच.
- वडापच्या जीपमध्ये मागे समोरासमोर बाक असतात. तिथे आडवं बसावं लागतं, शिवाय पुढचं काही दिसत नाही. गाडी लागणाऱ्यासाठी याहून वाईट जागा नाही. चार पैसे जास्त देऊन मधल्या बाकावर बसा, नाहीतर पुढच्या गाडीची वाट बघा.
- स्लीपर बसमध्ये खालचा, मधल्या भागातला बर्थ. गाडी जितकी उंच, तितकी वर जास्त डुलते. उताणं पडून डोळे मिटले तर बसण्यापेक्षाही कमी त्रास होतो.
- रेल्वेत त्रास एकूणच कमी. गाडीच्या दिशेला तोंड करून बसलं की बहुतेकांचं भागतं.

पायरी दुसरी: गोळी कोणती आणि केव्हा

मेडिकलवाल्याला ‘उलटीची गोळी द्या’ म्हटलं तर तो बरेचदा ओंडान्सेट्रॉन किंवा डोम्परिडोन देतो. जुलाब-उलट्यांसाठी, केमोथेरपीनंतरच्या उलट्यांसाठी त्या चांगल्या आहेत. प्रवासात गाडी लागू नये म्हणून त्यांचा उपयोग होत नाही, कारण कान आणि मेंदू यांच्यातल्या गडबडीपर्यंत त्या पोचत नाहीत. सर्दीची सेट्रिझिनही तशीच निरुपयोगी. दुकानात ‘गाडी लागू नये म्हणून हवी’ असं स्पष्ट सांगा.

कामाची औषधं मोठ्यांसाठी मुख्यतः तीन:

प्रोमेथाझिन थिओक्लेट, २५ मिलिग्रॅम. ‘अव्होमिन’ या नावाने घराघरांत माहीत असलेली गोळी. निघण्याच्या एक ते दोन तास आधी एक. पहाटे निघायचं असेल तर आदल्या रात्री झोपताना घेतलेली बरी, म्हणजे झोपेचा पहिला जोर रात्रीतच जातो. गुंगी खूप येते आणि दिवसभर रेंगाळते. महाबळेश्वरला पोचून पॉइंट बघायचे बेत असतील तर हे लक्षात घ्या.

सिनारिझिन, २५ मिलिग्रॅम. निघण्याच्या दोन तास आधी. गुंगी त्या मानाने कमी. याच औषधाची ७५ मिलिग्रॅमची गोळीही मिळते, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. प्रवासापुरती ठीक आहे, पण चक्कर थांबते म्हणून वयस्कर माणसं महिनोन् महिने रोज घेत राहतात. त्यांना हातापायांना कंप सुटू शकतो.

डायमेनहायड्रिनेट, ५० मिलिग्रॅम. अर्धा ते एक तास आधी. असर चार ते सहा तास. लांबच्या प्रवासात पुन्हा घ्यावी लागते. हिनेही झोप येते.

यापैकी एकच घ्यायची. दोन एकत्र घेतल्या तर फायदा दुप्पट होत नाही, गुंगी होते. ज्याने गोळी घेतली त्याने त्या दिवशी गाडी, स्कूटर काही चालवायचं नाही आणि दारू तर अजिबात नाही. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, दमा, फिट्स, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असणं, गरोदरपण, अंगावर पाजणं यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सत्तरीपुढच्या माणसांना या गोळ्यांनी भ्रम होतो, लघवी अडते, तोल जाऊन पडायला होतं. त्यांच्यासाठी जागा, हवा आणि सावकाश गाडी हेच औषध.

मुलांचं वेगळं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन देणं जिवावर बेतू शकतं, श्वास मंदावतो. त्याहून मोठ्या मुलांना कोणतं औषध चालेल आणि किती, हे वय व वजन बघून डॉक्टर ठरवतात. ‘मोठ्यांची अर्धी तोडून’ हा हिशेब घरच्या घरी करू नका.

पहिल्यांदाच गोळी घेणार असाल तर प्रवासाच्या आधीच्या एखाद्या सुट्टीला घरी घेऊन बघा. कुणाला नुसतं तोंड कोरडं पडतं, तर कुणी संध्याकाळपर्यंत उठत नाही. हे घाटाच्या पायथ्याशी कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

पायरी तिसरी: आदली रात्र आणि सकाळ

रात्री जेवण साधं आणि वेळेवर, दारू नाही, झोप पुरी. जागरणाने गाडी लागण्याचं प्रमाण चांगलंच वाढतं. रात्री एकपर्यंत बॅगा भरत बसायचं आणि पाचला उठून स्वारगेट गाठायचं, ही पुष्कळ उलट्यांची खरी सुरुवात असते.

‘उपाशी निघालं की उलटी होत नाही’ हा समज घट्ट रुजलेला आहे. उलटी होतेच, फक्त पित्ताची होते, घसा जळतो आणि कोरड्या उबळींनी बरगड्या दुखतात. निघण्याच्या तास-दीड तास आधी थोडं खा: वाटीभर उपमा, दोन इडल्या किंवा चहाबरोबर चपातीऐवजी टोस्ट-बिस्किट. तेलकट, तिखट, मलईदार काही नको. रिकाम्या पोटी कडक चहा टाळा. पाणी घोटघोट, एकदम तांब्याभर नाही.

पुण्याहून जाताना नाश्त्याचा थांबा बहुतेक शिरवळ-सुरूरच्या आसपास येतो, म्हणजे पसरणीच्या आधी तासाभराच्या आत. तिथे मिसळ किंवा वडापाव खाऊन घाटाला लागणं म्हणजे संकट स्वतः बोलावणं. थांब्यावर उतरा, चाला, तोंडावर पाणी मारा, बिस्किटं किंवा चुरमुरे खा. मिसळ परतल्यावर.

आल्याबद्दल थोडं. सुंठीची पूड साधारण एक ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चहाचा चमचा, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी गुळातून किंवा कोमट पाण्यातून घेता येते. काहींना निश्चित बरं वाटतं, काहींना फरक पडत नाही. गोळीइतकी खात्री नाही, पण गुंगीही नाही. आलेपाकाची वडी त्यापेक्षा सोयीची. खिशात चार वड्या ठेवा आणि घाट लागला की एक चघळत राहा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर सुंठीचा मारा करू नका.

पायरी चौथी: सोबतची पिशवी

बॅग डिकीत किंवा टपावर जाते आणि गरजेच्या वेळी काहीच हाताशी नसतं. म्हणून एक लहान पिशवी मांडीवर ठेवायची. तिच्यात:

- आइस्क्रीमचा एक लिटरचा रिकामा डबा, घट्ट झाकणासह. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा हा कितीतरी चांगला. तो एका हाताने धरता येतो, फाटत नाही, झाकण लावलं की वास कोंडला जातो. तळाला वर्तमानपत्राचा घडी केलेला कागद टाका, म्हणजे पातळ पदार्थ हिंदकळत नाही.
- दोन जाड पिशव्या. घरी पाणी भरून बघा. किराण्याच्या पातळ पिशवीला बुडाशी बारीक भोक असतंच आणि ते भरल्यावर कळतं.
- अर्धा लिटर पाणी, लहान टॉवेल, ओले रुमाल, मुलांसाठी कपड्यांचा एक जोड.
- ओआरएसचं पाकीट, आलेपाक, आवळा सुपारी, एक लिंबू.

लिंबू नुसतं नाकाशी धरा. सालीला नख लावलं की त्याच्या वासाने डिझेलचा आणि शेजारच्याच्या डब्याचा वास काही वेळ मागे पडतो. गाडीतला अत्तराचा डबा, उदबत्ती, मोगऱ्याचा भरगच्च गजरा हे मात्र काढून टाका. सुवास म्हणून लावलेल्या याच गोष्टींनी अनेकांचं पोट उलटतं.

पायरी पाचवी: घाटात

घाट सुरू होण्याआधी मोबाइल आत ठेवा. ‘एवढा एक मेसेज’ म्हणून मान खाली घातली की दोन वळणांत भोगावं लागतं.

१. पाठ आणि डोकं सीटला टेकवा. डोकं जितकं कमी हलेल तितकं चांगलं.

२. नजर पुढच्या रस्त्यावर, जिथे वळण सुरू होतं तिथे ठेवा. ते दिसत नसेल तर क्षितिजावर. दोन्ही शक्य नसेल तर डोळे सरळ मिटा. अर्धवट उघडे ठेवून शेजारच्याच्या मोबाइलवरचा व्हिडिओ पाहणं सर्वांत वाईट.

३. वळण येताना डोकं किंचित वळणाच्या आतल्या बाजूला कलवा. गाडी डावीकडे वळत असेल तर डोकं डावीकडे. ड्रायव्हर हे नकळत करतो. पुढचं वळण त्याला आधी माहीत असतं आणि तो स्वतःच गाडी वळवत असतो, म्हणून त्याला गाडी लागत नाही. प्रवाशाचं डोकं मात्र वळणाबाहेर फेकलं जातं. चार-पाच वळणं नीट पाहून हे करत गेलं की आपोआप जमायला लागतं.

४. वारा चेहऱ्यावर घ्या. एसीची गाडी असेल तर झोत तोंडाकडे वळवा. तरी कोंदटलं तर एसी बंद करून काच खाली करा.

५. श्वास सावकाश: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. लक्ष मोजण्यावर ठेवा. आवडीची गाणी कानात असली तरी चालतात, फक्त ती निवडायला पडद्याकडे बघायचं नाही.

मनगटाच्या आतल्या बाजूचा दाबाचा बिंदू अनेकांना माहीत असतो. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे आपलीच तीन बोटं आडवी ठेवायची, तिसऱ्या बोटाच्या कडेला दोन शिरांमध्ये अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायचं. याचा उपयोग सगळ्यांना होतोच असं नाही, पण तोटा काही नाही.

सूचना मिळते ती ओळखायला शिका. आधी जांभया येतात, मग ढेकर, बोलणं कमी होतं, ओठांभोवती रंग उतरतो, कपाळावर गार घाम येतो आणि शेवटी तोंडात भराभर लाळ जमते. जांभया आणि ढेकर या टप्प्यावर काच उघडली, मान टेकवली, डोळे मिटले तर बहुतेकदा निभावतं. मोटारीत असाल तर याच वेळी रुंद जागा बघून थांबवा, पाच-दहा मिनिटं पाय मोकळे करा. लाळ सुटल्यावर मात्र डबा तोंडाशी धरा. आता आवरायचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

उलटी झालीच तर

खिडकीतून डोकं बाहेर काढू नका. पसरणी, वरंधा, कुंभार्ली अशा घाटांत समोरून येणारी गाडी अगदी खेटून जाते, कधी डोंगराची कडही. शिवाय बाहेर टाकलेली उलटी मागच्या खिडकीतून आत येते किंवा मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर पडते. डबा असताना याची गरजच नाही. ‘मास्तर, उलटी होतेय, गाडी जरा बाजूला घ्या’ एवढं सांगायला लाजू नका. घाटात लगेच थांबता येत नाही, पण पुढच्या रुंद वळणावर ड्रायव्हर थांबवतो.

झाल्यावर पाण्याने चूळ भरा. लगेच भसाभस पाणी पिऊ नका, ते परत बाहेर येईल. दहा मिनिटं थांबून एक-एक घोट. दोन-तीनदा उलटी झाली तर ओआरएस द्या. पाकिटावर जितकं लिहिलंय तितक्याच पाण्यात कालवायचं. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते अर्ध्या लिटरात कालवलं तर उलट त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलाला चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी एक-दोन चमचे. अर्ध्या तासात काही बाहेर आलं नाही तर बिस्किट, लाह्या, मऊ भात चालतो.

एकाची उलटी बघून, तिचा आवाज आणि वास येऊन दुसऱ्यालाही होते. डब्याचं झाकण लगेच लावा आणि त्रास असलेली दोन मुलं शेजारी-शेजारी बसवू नका.

मुलं बरोबर असताना

लहान मूल मागच्या सीटवर बसलं की त्याला पुढच्या सीटची पाठच दिसते, रस्ता दिसत नाही. बूस्टर सीटने ते उंच बसवा, म्हणजे काचेतून बाहेर दिसेल. टॅब आणि मोबाइल घाटात बंद. गप्प बसवायला दिलेला मोबाइलच पुढच्या अर्ध्या तासाची साफसफाई ओढवून घेतो.

करमणूक हवीच असेल तर लांब बघायला लावणारी द्या. मैलाचे दगड चांगले: पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, नारिंगी ग्रामसडकेचा. पुढचा दगड कोण आधी बघतो, एवढा खेळ पुरतो. ‘तुला मळमळतंय का?’ असं दर पाच मिनिटांनी विचारू नका, विचारून विचारून मळमळ येते. बडबड करणारं मूल एकदम गप्प झालं, की डबा काढायचा.

गाडी तुम्ही चालवत असाल तर

मागे बसलेल्यांचं पोट तुमच्या उजव्या पायावर अवलंबून असतं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावा. वळणात शिरल्यावर वेग एकसारखा ठेवा, बाहेर पडताना हळूहळू वाढवा. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनलाच वेग धरू द्या. सारखा ब्रेक मारत उतरलं तर प्रवासी पुढे-मागे हेलकावतात आणि ब्रेकही तापतात. चढताना ठीक असलेली माणसं उतरताना ढासळतात ती बहुधा यामुळेच. महाबळेश्वरहून निघताना स्ट्रॉबेरी क्रीम खाऊन सरळ पसरणीला लागणं हेही एक कारण आहेच.

इलेक्ट्रिक मोटारीत पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते. मागच्यांना त्याचा झटका बसतो आणि पेट्रोल गाडीत कधी न लागणाऱ्यालाही तिथे लागते. ब्रेकमधून चार्जिंग करण्याची ही पातळी सेटिंगमध्ये जाऊन सर्वांत कमी करून ठेवा.

होडीत

गेटवे–मांडवा असो, मुरूडचा जंजिरा असो की मालवणचा सिंधुदुर्ग, होडीच्या मध्यभागी, पाण्याच्या जितकं जवळ तितकं बसा. टोकाला आणि वरच्या मजल्यावर झोका जास्त. बंद एसी केबिनपेक्षा मोकळी हवा बरी, आणि नजर किनाऱ्यावर किंवा क्षितिजावर. भाऊचा धक्का–मांडवा रो-रो मोठी असल्याने कमी डुलते. उलटी करायचीच झाली तर वारा पाठीवर घेऊन, वारा जिकडे वाहतोय त्या बाजूच्या कठड्याशी. वाऱ्याच्या तोंडी उभं राहिलात तर सगळं अंगावर.

तारकर्ली-मालवणला स्नॉर्केलिंगला जाणाऱ्यांना त्रास होतो तो चालत्या होडीत नाही, नांगर टाकल्यावर. थांबलेली होडी लाटांवर सगळीकडून हेलकावते आणि वर इंजिनचा धूर. अशा वेळी आपला नंबर आधी लावून घ्या. पाण्यात उतरलं की पुष्कळांना बरं वाटतं.

काही ऐकीव उपाय

वर्तमानपत्रावर बसणं, पोटाला कागद लावणं, गाडीला रस्त्यावर घासत जाणारी साखळी बांधणं यांनी कानातल्या गडबडीवर काही होत नाही. वर्तमानपत्राचा उपयोग वर सांगितला आहे, डब्याच्या तळाला.

सवय मात्र खरा उपाय आहे. सारखा प्रवास करणाऱ्यांचा मेंदू त्या हालचालीला सरावतो. जहाजावर नव्याने गेलेल्यांना दोन-तीन दिवसांत बरं वाटायला लागतं. पण खंड पडला की सवय मोडते. वर्षातून एकदाच घाट चढणाऱ्याने गेल्या वर्षी काही झालं नाही म्हणून गोळी घरी ठेवू नये. परतीच्या प्रवासासाठीही वेगळी गोळी, त्याच वेळेच्या हिशेबाने.

हे गाडी लागणं नसेल तेव्हा

साधी गाडी लागली असेल तर उतरल्यावर काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माणूस ठीक होतो. पुढच्या गोष्टींत डॉक्टर गाठा: एक दिवस उलटूनही उलट्या चालू, आठ तासांत लघवी नाही, उलटीत रक्त, ताप, मान आखडणं, असह्य डोकेदुखी, एका कानाने कमी ऐकू येणं, बोलताना जीभ जड होणं, प्रवास नसतानाही घर फिरल्यासारखं वाटणं. मधुमेही माणसाच्या पोटात काही राहत नसेल तर साखर लगेच तपासा.

आणि केदारनाथ, लेह-लडाख, स्पितीला जाणाऱ्यांनी एक वेगळी खबरदारी घ्यायची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथे उंचीचा त्रास होत नाही. लेह मात्र सुमारे ३,५०० मीटरवर, केदारनाथही तितक्याच उंचीवर. साधारण २,५०० मीटरच्या वर, गाडीतून उतरून काही तास झाल्यावर डोकं ठणकायला लागलं, मळमळ वाढली, भूक गेली तर ते बहुधा उंचीमुळे आहे. त्यावर अव्होमिन घेऊन झोपवू नका. अजून वर चढू नका, विश्रांती घ्या. श्वास लागत असेल, चालताना झोकांड्या जात असतील किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर रात्र असली तरी त्या माणसाला लगेच खाली उतरवा.